‘डोकं असावं लागतं’ हे ठरवलं कुणी?

बेळगावात पोराची ओळख करून देताना ‘हुशार आहे हो’ नाहीतर ‘डोकंच नाही’, यातला एक शेरा ठरलेला. बुद्धी जन्मतःच मोजून मिळते, या समजुतीला चाचणीचा आधार मिळाला तो विसाव्या शतकात. आणि ज्याने बुद्धीची मोजपट्टी बनवली, त्यालाच हे मान्य नव्हतं.

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये पॅरिसला बुद्धीची चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुलं हेरून त्यांना वेगळी मदत द्यायची, एवढाच हेतू. बुद्धी वाढतच नाही म्हणणाऱ्यांवर बिने १९०९ मध्ये तुटून पडला. लक्ष आणि स्मरणशक्तीला वळण लावणारे व्यायामही त्याने सुचवले. दोन वर्षांत तो वारला. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने त्या चाचणीची अमेरिकी आवृत्ती काढली आणि बुद्ध्यंक घरोघरी पोचला. टर्मनच्या मते बुद्धी मुख्यतः वारशाने येते. झालं, मदतीचं साधन शिक्का मारायच्या कामी आलं.

गंमत म्हणजे त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर १८९२ मध्ये, विवेकानंद बेळगावात होते. त्यांचे यजमान, वनाधिकारी हरिपद मित्र यांनी लिहून ठेवलंय की स्वामींनी एका इंग्रजी कादंबरीतली पानंच्या पानं तोंडपाठ म्हणून दाखवली. हे कसं जमतं? एकाग्रता आणि ब्रह्मचर्य, असं उत्तर आलं. दुसऱ्या मुद्द्यावर वाद घाला हवं तर, पण दैवी देणगीवर त्यांनी बोट ठेवलं नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी क्लॉडिया म्युलर यांच्यासोबत १९९८ मध्ये केलेले प्रयोग पाचवीच्या मुलांवरचे. सोपी कोडी सुटल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’. पुढे अवघड कोड्यांत सगळेच अडले. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली, तेव्हा ‘हुशार’ मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली. त्यातल्या बऱ्याच जणांनी आपले गुण फुगवूनही सांगितले. २००६ मध्ये ड्वेक यांचं ‘माइंडसेट’ हे पुस्तक आलं, बुद्धी मेहनतीने वाढते असं सांगणारं, आणि पाठोपाठ त्यावरची कंपन्यांतली शिबिरं, भिंतीवरचे तक्ते.

पण नुसत्या तक्त्याने काय होणार? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे बारा हजार नववीच्या मुलांवरचा अभ्यास आला. बुद्धी वाढते हे शिकवणाऱ्या तासाभराच्या पाठाने मागे पडलेल्यांचे गुण वाढले, पण थोडेच. आणि जिथे सोबतची मुलं अवघड काम अंगावर घेणारी होती, तिथे जास्त. आपल्याकडच्या व्याख्यात्यांना नेमका हाच भाग नको असतो, कारण मग बोलायची पाळी मालकावर आणि मास्तरांवर येते.

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत, मशीन शॉपमध्ये हेल्परकडून बोअर (जॉबमधलं भोक) मोठं झालं आणि जॉब रिजेक्ट गेला, की एखादा मिस्त्री म्हणतो, ‘शिकूलाय अजून, येतंय की.’ मग मायक्रोमीटर त्याच्याच हातात देऊन पुढचा कट त्यालाच घ्यायला लावतो. दुसरीकडे त्याच चुकीला ‘तुला जमायचं नाही’ म्हणून झाडू हातात येतो. एरवी याच पोरांनी बाजारात भाजी घेता घेता कन्नड उचललेली असते, आणि त्याला कुणी हुशारी म्हणत नाही.