सिनेमावरची बंदी आणि धार्मिक भावना

सिनेमावरची बंदी म्हणजे तयार झालेला, आणि बऱ्याचदा सेन्सॉरचं सर्टिफिकेटही मिळालेला पिक्चर थिएटरात दाखवायला सरकारने, कोर्टाने नाहीतर जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने केलेली मनाई. आपल्याकडे ही मनाई बहुतेक वेळा दोन वाक्यांवर उभी असते, एक "भावना दुखावतील" आणि दुसरं "कायदा-सुव्यवस्था बिघडेल". लोक ही दोन्ही एका दमात बोलतात, पण ती एक नाहीत, घटनेत दुसऱ्याला जागा आहे आणि पहिल्याला स्वतःची अशी जागाच नाही. हा फरक नीट धरून ठेवला तर पुढचं सगळं सोपं जातं.

नाशिकवरून हा विषय बघायचं कारण साधं आहे. देव पहिल्यांदा पडद्यावर आणणारा माणूस इथला. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला जन्मले, १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच गेले, आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. १९१३ च्या राजा हरिश्चंद्रात तारामतीचं काम अण्णा साळुंके या तरुणाने केलं, जो आधी हॉटेलात स्वयंपाकी होता, आणि १९१७ च्या लंका दहनात तर तोच राम आणि तोच सीता. लोकांनी पडद्याला हात जोडले, भावना दुखावल्या नाहीत. १९७५ मध्ये जय संतोषी माँ लागला तेव्हाही लोक थिएटरबाहेर चपला काढून आत जायचे हे घरोघरच्या मोठ्या माणसांनी सांगितलेलं आहे. म्हणजे धर्म आणि सिनेमा यांचं आपल्याकडे मुळात भांडण नव्हतं, दोघं एकाच घरात वाढले, हे कुणी बंदीची मागणी घेऊन आलं की आधी आठवावं असं मला वाटतं.

इंग्रजांच्या काळातली सुरुवात

बंदीची सवय सिनेमाच्या आधीची, नाटकाची. १८७६ मध्ये इंग्रजांनी नाट्यप्रयोग कायदा आणला आणि सरकारविरोधी वाटणारं नाटक थांबवायचा अधिकार स्वतःकडे घेतला. खाडिलकरांचं कीचकवध १९०७ चं, त्यात कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकातल्या पोरालाही कळत होतं, म्हणून १९१० मध्ये त्यावर बंदी आली. त्याच्या थोडंसं आधी, २१ डिसेंबर १९०९ ला, नाशिकच्या विजयानंद थिएटरात संगीत शारदा चालू असताना अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या होत्या, त्यामुळे त्या काळात थिएटर ही जागाच सरकारला संशयाची वाटायला लागली असेल तर नवल नाही. पुढे १९१८ चा सिनेमा कायदा आला, १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर बोर्डं बसली. १९२१ च्या भक्त विदुरमध्ये विदुराला गांधींसारखी टोपी आणि खादी दिली होती, आणि तो काही ठिकाणी बंद पाडला गेला. भारतात बंदी आलेला पहिला पिक्चर म्हणून त्याचंच नाव घेतात. पौराणिक कथा होती, महाभारतातली, पण बंदी धर्मासाठी नव्हती, राजकारणासाठी होती. ही गोष्ट पुढे पण सारखी दिसते, वर लेबल धर्माचं आणि आत दुसरंच काहीतरी.

१९२७ मध्ये मोहम्मद पैगंबरांवरच्या रंगीला रसूल पुस्तकाच्या वादानंतर दंड संहितेत २९५-अ कलम आलं, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने एखाद्या समाजाच्या धार्मिक भावना दुखावल्या तर शिक्षा. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ झालंय, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. लोक नेहमी "दुखावल्या" एवढंच वाचतात, "जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने" हे विसरतात, आणि सगळा गोंधळ तिथे होतो.

कायदा काय म्हणतो

घटनेच्या १९(१)(अ) मध्ये अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे आणि १९(२) मध्ये ते कुठल्या कारणांनी आवरता येतं त्याची यादी आहे, देशाची एकात्मता, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. त्यातलं सार्वजनिक सुव्यवस्था हे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने घातलं. या यादीत "धार्मिक भावना" हे शब्द कुठेही नाहीत. भावनेचा मुद्दा आत येतो तो सुव्यवस्थेच्या दाराने, म्हणजे नुसतं वाईट वाटून चालत नाही, त्यातून खरंच दंगा पेटेल असं दाखवावं लागतं.

पिक्चर पास करणं हा केंद्राचा विषय. १९५२ च्या कायद्याखाली ज्याला आपण सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते काम करतं, ऑफिस मुंबईत, १९८३ पासून त्याच्या नावातला सेन्सॉर शब्द काढून प्रमाणन केलं पण बोलताना कुणी तसं म्हणत नाही. बोर्डाच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये धार्मिक किंवा इतर गटांची अवहेलना करणारी दृश्यं-शब्द नकोत असं आहे, पण त्याच सूचनांमध्ये पिक्चर एकूण परिणामावरून तोलायचा असंही आहे, एक डायलॉग उचलून नाही. थिएटरं मात्र राज्याचा विषय आहेत, लायसन्स, शो, सुरक्षा सगळं, आणि त्यासाठी प्रत्येक राज्याचा आपला सिनेमा नियमन कायदा आहे, आपल्याकडचा १९५३ चा. बंदीचा खरा खेळ या फटीत चालतो, मुंबईत बोर्ड हो म्हणतं आणि राज्य किंवा जिल्हा नको म्हणतो.

सुप्रीम कोर्टाने १९७० मध्ये दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या प्रकरणात पिक्चर आधी तपासून सर्टिफिकेट देणं घटनेत बसतं असं सांगितलं. ते मान्य करूनच पुढची गोष्ट येते, ती म्हणजे १९८९ चा रंगराजन खटला, आणि माझ्या मते या विषयात एकच निकाल वाचायचा असेल तर हा वाचावा. ओरे ओरु ग्रामथिले नावाचा तमिळ पिक्चर होता, आरक्षणावर टीका करणारा, बोर्डाने यू म्हणजे कुणीही बघावा असं सर्टिफिकेट दिलेलं, मद्रास हायकोर्टाने ते रद्द केलं, आणि राज्य सरकारचं म्हणणं असं की दाखवला तर मोठा विरोध होईल, हिंसा होईल. सुप्रीम कोर्टाने सर्टिफिकेट परत दिलं आणि सांगितलं की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे स्वातंत्र्य दाबता येत नाही, ते सांभाळणं हेच सरकारचं काम आहे, आम्हाला जमाव आवरत नाही असं सरकार म्हणूच शकत नाही, आणि धोका लांबचा, अंदाजाचा असून भागत नाही, दारूगोळ्यात ठिणगी पडावी इतका जवळचा लागतो. यातला साधा अर्थ असा की धमकी देणाऱ्याला आवरायचं, पिक्चर दाखवणाऱ्याला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी फाळणीवरच्या तमस या टीव्ही मालिकेच्या वेळी कोर्टाने आणखी एक मोजमाप वापरलं होतं, की परिणाम बघायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसावर होणारा, प्रत्येक वाक्यात धोका दिसणाऱ्या कमकुवत मनाच्या माणसावर होणारा नाही. हे मोजमाप मुळात नागपूरच्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या निकालातलं, म्हणजे आपल्याच मातीतलं आहे.

निकाल एक, प्रत्यक्षात दुसरं

एवढं स्पष्ट सांगून झाल्यावरही राज्यं तेच करत आली. २००६ मध्ये द दा विंची कोड ख्रिश्चन संघटनांच्या विरोधामुळे आंध्र, तमिळनाडू, पंजाब, गोवा, नागालँड इथे थांबवला, आणि आंध्रची बंदी हायकोर्टाने उडवली. २०११ मध्ये आरक्षण नावाचा पिक्चर उत्तर प्रदेशने थांबवला, सुप्रीम कोर्टाने सोडवला. २०१३ मध्ये तमिळनाडूत विश्वरूपमच्या वेळी तर ३१ जिल्ह्यांच्या कलेक्टरांनी १४४ कलम लावून पंधरा दिवस मनाई केली, जे कलम आपल्याला जमावबंदीसाठी माहीत आहे ते एका पिक्चरवर, आणि शेवटी निर्मात्याने मुस्लिम संघटनांशी बसून काही ठिकाणी कात्री मान्य केल्यावर ७ फेब्रुवारीला तो तिथे लागला. पद्मावतचा सेट तर आपल्या पन्हाळ्याजवळ मार्च २०१७ मध्ये जाळला होता, पिक्चर कुणी बघायच्या आधी, आणि १८ जानेवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने राज्यांच्या बंदीला स्थगिती दिली तेव्हा कुठे २५ तारखेला लागला. २०२३ मध्ये बंगालने ८ मे ला द केरला स्टोरीवर बंदी घातली, १८ मे ला सुप्रीम कोर्टाने ती थांबवली, पण त्याच वेळी पिक्चरमधल्या ३२ हजार धर्मांतरांच्या आकड्याला खात्रीलायक आधार नाही असं पाटीवर लिहायला लावलं. मला तो मार्ग पटतो. पिक्चर चुकीचं सांगत असेल तर खरं काय ते समोर लिहा, पडदा बंद करू नका, मग तो पिक्चर आपल्या मनासारखा असो नाहीतर नसो. या यादीत सगळे धर्म, सगळे पक्ष आहेत हे मुद्दाम बघावं, कारण प्रत्येकाला आपली दुखावलेली भावना खरी आणि दुसऱ्याची नाटकी वाटते.

आता नाशिककरांनी थांबून बघावं असं उदाहरण म्हणजे २०२५ चा, ज्योतिबा फुल्यांवरचा फुले हा पिक्चर. ११ एप्रिलला, ज्योतिबांच्या जयंतीला यायचा होता, यू सर्टिफिकेट होतं, तरी काही ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपानंतर तो २५ एप्रिलवर गेला, आणि बोर्डाने महार, मांग, पेशवाई असे शब्द काढायला-बदलायला सांगितले. ही बंदी नव्हती हे खरं, पण जातीची गोष्ट सांगताना जातीचं नाव घ्यायचं नाही म्हणजे काय सांगायचं? याच शहरात २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, कित्येक वर्षं तो चालला आणि तेव्हाही दार न उघडण्याचं कारण धर्मभावना हेच सांगितलं जात होतं. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली. दुखावलेली भावना म्हणून जे पुढे येतं ते कुणाचं आहे, ज्याचं आधीच चालतंय त्याचं की ज्याला दाराबाहेर ठेवलंय त्याचं, हा प्रश्न इथे राहणाऱ्या माणसाला तरी टाळता येत नाही.

कागद नसलेली बंदी

सगळ्यात जास्त चालणारी बंदी कुठल्याच गॅझेटमध्ये नसते. ती अशी येते: पिक्चर लागायच्या दोन-चार दिवस आधी कुठलीतरी संघटना कलेक्टर ऑफिसला आणि पोलीस स्टेशनला निवेदन देते, फोटो निघतो, थिएटर मॅनेजरला पण एक प्रत मिळते, मग पोलीस ठाण्यातून फोन जातो की बंदोबस्त द्यावा लागेल, बघा तुम्ही काय ते, आणि मालक काचा, खुर्च्या, पार्किंगमधल्या गाड्या यांचा हिशेब करून गुपचूप पिक्चर उतरवतो. बोर्डावर "तांत्रिक कारणामुळे शो रद्द", ऑनलाइन तिकिटाचे पैसे परत, संपलं. कुणी बंदी घातली विचारलं तर कुणीच नाही.

याचं नाव घेऊन कोर्टाने एकदा किंमत वसूल केली आहे. भोबिष्योतेर भूत हा बंगाली पिक्चर १५ फेब्रुवारी २०१९ ला लागला आणि दुसऱ्याच दिवशी कोलकात्याच्या बहुतेक थिएटरांतून गायब, त्याआधी पोलिसांनी निर्मात्याला पत्र लिहून लोकांच्या भावना दुखावतील म्हणून आम्हाला आधी दाखवा म्हटलं होतं. ११ एप्रिल २०१९ ला सुप्रीम कोर्टाने राज्याला २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. आकड्यापेक्षा मोठी गोष्ट ही की लेखी आदेश नसला तरी ती बंदीच आहे हे मान्य झालं.

म्हणून आपल्याकडे असं काही झालं की पहिला प्रश्न हाच विचारावा, आदेश लेखी आहे का, कुठल्या कलमाखाली, किती दिवसांचा, सही कुणाची. शहरात पोलीस आयुक्तालय आहे, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, दोघांपैकी कुणीतरी सही केलेली असेल तर त्याला कोर्टात उत्तर द्यावं लागतं.

जिल्ह्यात याचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो मालेगावसारख्या गावाला असं मला वाटतं. बाहेरच्यांना हे गाव २००६ आणि २००८ च्या स्फोटांमुळे माहीत, पण यंत्रमागावर काम करून शुक्रवारी थिएटर गाठणारी इतकी पिक्चरवेडी माणसं दुसरीकडे क्वचित सापडतील, त्यांनी स्वतःच्या खिशातून मालेगाव के शोले बनवला आहे. "संवेदनशील" हा शिक्का अशा गावावर एकदा बसला की कुठल्याही पिक्चरला आधी नको म्हणणं अधिकाऱ्याला सोपं वाटतं, आणि लोक भांडतील असं गृहीत धरलं जातं.

अलीकडचे बदल

२०२१ मध्ये सर्टिफिकेटविरुद्ध अपील ऐकणारं न्यायाधिकरण बंद झालं, त्यामुळे आता निर्मात्याला थेट हायकोर्ट. २०२३ च्या दुरुस्तीने सर्टिफिकेट कायमचं झालं आणि यूएचे, म्हणजे लहान मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीत बघायच्या सर्टिफिकेटचे, ७, १३, १६ असे वयाचे टप्पे आले. मोबाईलवरच्या पिक्चरला बोर्डाचं सर्टिफिकेट लागत नाही, त्याला २०२१ चे आयटी नियम, पण तिथेही तक्रार झाली की पिक्चर उतरतो, जानेवारी २०२४ मध्ये अन्नपूर्णी हा तमिळ पिक्चर असाच नेटफ्लिक्सवरून गेला, आणि तो तर त्याआधी थिएटरात चालून आला होता.

नाशिकच्या थिएटरवाल्याला कोर्टात जायचं तर मुंबईलाच, कसारा घाट उतरून, वकील गाठून, याचिका तयार करून, तारीख लागेपर्यंत पिक्चरचा पहिला शनिवार-रविवार गेलेला असतो आणि पुढच्या शुक्रवारी दुसरा पिक्चर लागलेला असतो. म्हणून जातं कोण, तर ज्याचे पिक्चरमध्ये कोट्यवधी अडकलेत तो मोठा निर्माता, छोट्या पिक्चरवाला आणि गावातला मालक जातच नाहीत.