टीएफटीपी : बूट रॉममध्ये मावलेला प्रोटोकॉल

राउटरचं सॉफ्टवेअर बिघडून तो सुरूच होईनासा झाला, की आजही बऱ्याचदा टीएफटीपीच (ट्रिव्हियल फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायची अगदी साधी पद्धत) मदतीला येतो. लॉगिन नाही, सर्व्हरवरच्या फाइलींची यादी दिसत नाही, एन्क्रिप्शनचा तर प्रश्नच नाही. इतका तोकडा प्रोटोकॉल टिकला, कारण तो ठेवायची जागाच मुळात तोकडी होती.

त्याचं मूळ झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या ईएफटीपी या फाइल पाठवायच्या प्रोटोकॉलमध्ये आहे. त्यावरून नोएल चिआपा यांनी टीएफटीपीचा आराखडा केला, मग बॉब बाल्डविन आणि डेव्हिड क्लार्क यांच्यासोबत तो सुधारला. एमआयटीच्या कॅरेन सोलिन्स यांनी लिहिलेलं त्याचं वर्णन जून १९८१ मध्ये आरएफसी ७८३ म्हणून आलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). फाइल पाठवायचा मोठा प्रोटोकॉल, एफटीपी, तेव्हा होताच, पण त्याला टीसीपी (आधी कनेक्शन जोडून, हरवलेलं स्वतः पुन्हा पाठवणारी यंत्रणा) हवा, शिवाय दोन वेगळी कनेक्शन. डिस्क नसलेल्या मशीनच्या इवल्याशा रॉममध्ये (मशीन सुरू करणारा कोड असलेल्या चिपमध्ये) एवढा पसारा कोण बसवणार? कनेक्शन न जोडता नुसती पॅकेट धाडणाऱ्या यूडीपीवर चालणारा टीएफटीपी तिथे मावला. १९८४ च्या आरएफसी ९०६ मध्ये त्यावरून मशीन बूट करायची पद्धत आली आणि १९८५ मध्ये बूटपी. आयपी पत्ता आणि फाइलचं नाव बूटपीने सांगायचं, फाइल आणायची टीएफटीपीने.

काम साधं आहे. राउटर सर्व्हरच्या ६९ क्रमांकाच्या पोर्टवर फाइल मागतो. सर्व्हर दुसऱ्याच एका पोर्टवरून ५१२ बाइटचा पहिला तुकडा पाठवतो (फायरवॉलमध्ये फक्त ६९ उघडणारे इथेच फसतात). पोच मिळाली की पुढचा तुकडा, नाही मिळाली तर थोडं थांबून तोच पुन्हा. ५१२ पेक्षा लहान तुकडा आला, की फाइल संपली. फाइल येत असताना सिस्कोच्या राउटरच्या कन्सोलवर उद्गारचिन्हांची रांग लागते. एक चिन्ह म्हणजे दहा पॅकेट पोचली. मध्येच टिंब उमटलं तर टाइमआउट.

पहिल्या नियमांत एक गमतीदार खोट होती. एखादी पोच हरवली नाही, नुसती उशिरा आली, तरी पाठवणारा तोच तुकडा पुन्हा धाडायचा. घेणारा दोन्हींची पोच द्यायचा आणि प्रत्येक पोचेला उत्तर म्हणून पुढचा तुकडा निघायचा, म्हणजे तोही दोनदा. तिथून फाइल संपेपर्यंत सगळंच दुप्पट! फाइल बरोबर पोचायची, म्हणून हे लवकर लक्षातही यायचं नाही. उपाय मात्र एका ओळीचा : तीच पोच दुसऱ्यांदा आली तर काही पाठवू नका. १९९२ च्या आरएफसी १३५० मध्ये ही दुरुस्ती नियमात आली.

तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा, त्यामुळे मूळ नियमांनुसार फाइल ३२ एमबीच्या आतच. राउटरच्या इमेज (सॉफ्टवेअरच्या फाइली) फुगत गेल्या तशी ही मर्यादा काचू लागली. १९९५ मध्ये तुकड्याचा आकार आपसात ठरवायची सोय झाली, तर २०१५ मध्ये एका पोचेत अनेक तुकडे पाठवायची.

सुरक्षेचं काय? २००३ च्या ब्लास्टर वर्मने (स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) स्वतःची प्रत नव्या मशीनवर उतरवायला टीएफटीपीच वापरला होता. राउटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये पासवर्ड, एसएनएमपीच्या (उपकरणांवर लक्ष ठेवायच्या प्रोटोकॉलच्या) कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखे शब्द, असं बरंच काही असतं, आणि टीएफटीपीने पाठवलं की ते तारेवर उघडंच जातं. म्हणून रोजच्या बॅकअपला एससीपीच (एसएसएचच्या एन्क्रिप्टेड जोडणीवरून फाइल पाठवणारा) वापरावा, तिथे टीएफटीपीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. बूटलोडरची, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, गोष्ट वेगळी. तिथे एसएसएचचा सगळा संसार मांडण्यापेक्षा टीएफटीपीच परवडतो, म्हणून यू-बूट या बूटलोडरमध्ये 'टीएफटीपीबूट' ही कमांड अजून आहे.