लीजिओनेला प्रतिबंध : मोठ्या इमारतींतील गरम पाण्याची व्यवस्था

हॉटेले, रुग्णालये, वसतिगृहे, क्रीडासंकुले यांच्या गरम पाण्याच्या व्यवस्थेत लीजिओनेला जीवाणू वाढू नयेत म्हणून केली जाणारी रचना, देखभाल आणि तपासणी. या जीवाणूंमुळे, मुख्यतः लीजिओनेला न्यूमोफिला या जातीमुळे, लीजनेअर आजार हा गंभीर न्यूमोनिया होतो. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे संमेलन भरले, त्यानंतर त्याची साथ उद्भवली. जानेवारी १९७७मध्ये जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांनी कारणीभूत जीवाणू शोधल्याचे जाहीर झाले. संसर्ग मुख्यतः दूषित पाण्याचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेल्याने होतो. म्हणून शॉवरकडे विशेष लक्ष द्यावे लागते. वृद्ध, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांना धोका जास्त.

जीवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये वाढतात. ५० अंशांना त्यांतले ९० टक्के मरायला सुमारे दोन तास लागतात, ६० अंशांना सुमारे दोन मिनिटे. त्यामुळे ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत टाकीतले पाणी ६० अंशांवर, इमारतीत फिरून टाकीकडे पाणी आणणाऱ्या परतीच्या पाइपात किमान ५०, आणि नळ सोडल्यावर एका मिनिटात ५० अंश (आरोग्यसेवेच्या इमारतींत ५५) असावे असे म्हटले आहे. थंड पाणी २० अंशांखाली ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

टाकीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा पाहून निर्धास्त होणे ही सर्वांत घातक चूक होय. उभ्या टाकीत वर कढत पाणी असले तरी तळाशी ते कोमट राहते आणि तिथेच गाळ साचतो. पुढे पाइपांच्या शाखांमध्ये प्रवाह नीट विभागलेला नसेल, तर पंपाजवळच्या खोल्यांना भरपूर गरम पाणी मिळते आणि टोकाच्या खोल्यांचा पाइप कोमट होतो. बंद केलेल्या न्हाणीघराचा तसाच सोडलेला तुकडा, ज्याला प्लंबर डेड लेग म्हणतात, तो तर कापून टाकणेच योग्य. अशा साचलेल्या पाण्यात पाइपाच्या आतून बुळबुळीत जैवपटल, म्हणजे सूक्ष्मजीवांचा थर, धरते. त्यातल्या अमीबांच्या पेशींत जीवाणू वाढतात आणि क्लोरीनपासूनही बचावतात. म्हणून तापमान मोजायचे ते सर्वांत दूरच्या नळावर आणि प्रत्येक परतीच्या शाखेवर.

६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत गंभीर भाजते. मुले, वृद्ध आणि रुग्ण असतील तिथे गरम पाण्यात थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच. मात्र त्याच्या पुढचे पाणी सुमारे ४० अंशांचे, म्हणजे जीवाणूंना मानवणारे असते. त्यामुळे तो नळाला अगदी लागून बसवावा. भाजण्याच्या भीतीने किंवा विजेच्या बचतीसाठी संपूर्ण टाकीचेच तापमान उतरवणे मात्र समर्थनीय नाही.

शॉवरच्या जाळ्यांवरचे क्षार दर तीन महिन्यांनी काढतात आणि टाकीचा गाळ ठरावीक काळाने सोडतात. क्लोरीन डायऑक्साइड, मोनोक्लोरामाइन, तांबे-चांदीचे आयन हे उपायही वापरात आहेत. पण साचलेले पाणी तसेच ठेवून केलेल्या निर्जंतुकीकरणानंतर जीवाणू पुन्हा वसतात. पाण्याच्या नमुन्यातले जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या संवर्धन चाचणीला दहा दिवसांपर्यंत वेळ लागतो, त्यामुळे रोजचा भरवसा तापमानाच्या नोंदींवरच.

क्वचित वापरले जाणारे नळ आठवड्यातून एकदा तरी वाहते करावेत. दीर्घकाळ बंद असलेला मजला उघडताना शॉवरचे तोंड काढून पाणी सोडावे, म्हणजे ते काम करणाऱ्या कामगाराच्या श्वासात तुषार जात नाहीत.