समुद्रात सांडलेल्या तेलाचा पंचनामा

पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच दिसला की पुढचं सगळं कोल्हापूरकरांना पाठ आहे. पंचनामा होतो, बाटल्यांत पाणी भरलं जातं आणि घाण कुणी सोडली हे ठरेपर्यंत नदी पुढे वाहून गेलेली असते. नदीकाठी निदान नाले तरी मोजता येतात. भर समुद्रात तेलविहीर फुटली किंवा जहाजानं रात्री टाकीतलं तेलकट पाणी सोडलं, तर जबाबदार कोण हे शोधायचं कसं?

रसायनशास्त्राकडे याचं भक्कम उत्तर आहे. कच्चं तेल कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या सूक्ष्मजीवांपासून बनतं. जीवाणूंच्या पेशीपटलातल्या रेणूंपासून होपेन नावाचे रेणू तयार झाले, शेवाळातल्या रेणूंपासून स्टेरेन नावाचे. कोणते जीव गाडले गेले, खडक किती तापला, यानुसार या रेणूंचं आपसातलं प्रमाण तेलसाठ्यागणिक बदलतं. समुद्रावर पसरलेल्या तेलाचा हलका भाग काही दिवसांत उडून जातो, पण होपेन चिवटपणे टिकतात. त्यामुळे किनाऱ्यावरचं तेल गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले रेणू वेगळे करणारं यंत्र) आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (वस्तुमानावरून रेणू ओळखणारं यंत्र) तपासून संशयित विहिरीच्या किंवा जहाजाच्या तेलाशी ताडून पाहता येतं. पावसाळ्यात वाळूत येऊन पडणाऱ्या, सांडलेल्या तेलापासून बनलेल्या डांबराच्या गोळ्यांचा असा माग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी काढला आहे.

तेल कुणाचं हे कळलं तरी किती सांडलं हा प्रश्न उरतोच, आणि खरी झटापट तिथेच होते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात बीपी कंपनीची विहीर खोदणाऱ्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या तळावर स्फोट झाला. ११ कामगार गेले आणि समुद्रतळावरची विहीर ८७ दिवस तेल ओकत राहिली. सुरुवातीला गळतीचा आकडा रोज १,००० पिंपं असा सांगितला गेला, मग ५,०००. (एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर.) शास्त्रज्ञांनी तळाशी काढलेल्या व्हिडिओतून तेलाच्या लोटाचा वेग मोजला, वुड्स होल या अमेरिकी समुद्रविज्ञान संस्थेच्या चमूनं ध्वनिलहरी वापरल्या. अमेरिकी सरकारचा अंतिम अंदाज आला रोज ५३,००० ते ६२,००० पिंपं! तिथल्या कायद्यात दंड पिंपामागे लागतो आणि घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर तो जवळपास चौपट होतो. साहजिकच आकडा जितका लहान, तितकी कंपनीची सुटका मोठी. गळतीच्या आकड्याबाबत अमेरिकी काँग्रेसच्या चौकशीत अडथळा आणल्याचा गुन्हा बीपी कंपनीनं २०१२ मध्ये कबूल केला. २०१४ मध्ये न्यायालयानं घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला, आणि अखेर २०.८ अब्ज डॉलरची तडजोड झाली. मोजणी कंपनीच्या हाती कधीच सोडू नये, असं मला ठाम वाटतं.

या गळतीनंतर ट्यूना माशांवर अभ्यास झाले. कच्च्या तेलातले घटक हृदयाच्या पेशींमधला पोटॅशियमचा मार्ग अडवतात आणि ठोके बिघडतात. गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात येणारे सुरमई आणि बांगडा याच ट्यूनाच्या कुळातले.

कायद्यात मात्र मोठं भगदाड आहे. तेलवाहू जहाजांच्या गळतीसाठी भरपाईचे आंतरराष्ट्रीय करार आहेत. समुद्रातल्या विहिरींसाठी तसा जागतिक करार नाही. आपल्याकडे ‘प्रदूषण करणाऱ्यानं भरावं’ हे तत्त्व राष्ट्रीय हरित लवादाच्या कायद्यातच आहे. मुंबईजवळ २०११ मध्ये बुडालेल्या ‘रॅक’ जहाजाच्या प्रकरणात लवादानं २०१६ मध्ये जहाज कंपनीला १०० कोटी रुपये भरायला सांगितले.

विहीर एका देशात आणि नुकसान दुसऱ्या देशात, असं झालं तर? २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतली मॉन्टारा विहीर ७४ दिवस गळत होती. इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर समुद्रशेवाळाची शेती करणाऱ्यांचं पीक गेलं. आमचं तेल तिथवर पोहोचलंच नाही, अशी कंपनीची भूमिका होती. शेतकरी ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात गेले, २०२१ मध्ये जिंकले, आणि पुढच्या वर्षी १९.२५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली. तोवर १३ वर्षं गेली होती.

आपल्या प्रत्येक समुद्री विहिरीच्या तेलाचा नमुना स्वतंत्र प्रयोगशाळेत आधीपासून जमा हवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचं पाणी, वाळू आणि मासळी यांची नोंद दरवर्षी व्हायला हवी. कारण दावा उभा राहिला की कंपनीचा वकील आधी हेच विचारणार: गळतीपूर्वी इथं काय होतं, दाखवा.