क्लिनिक्सचे अंक कुठे लावायचे, जर्नलमध्ये की पुस्तकांत?

ठाणे, नवी मुंबईतल्या मेडिकल लायब्रऱ्यांमध्ये नवीन लागलेल्यांना हे परत परत सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून टाकते. पुस्तकाचं तुम्हाला येतंच, एनएलएमच्या (अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या) वर्गीकरणाच्या टेबलात विषय बघायचा, बालरोग असेल तर डब्ल्यूएस, हृदय असेल तर डब्ल्यूजी, झालं. जर्नल्स डब्ल्यू १ मध्ये, विषय न बघता नावाप्रमाणे ए टू झेड. सरकारी खात्यांचे वार्षिक अहवाल डब्ल्यू २. बुलेटिन म्हणायचं की जर्नल यावर वाद घालत बसू नका, त्याने काही अडत नाही.

खरा घोळ होतो तो क्लिनिक्सचा, म्हणजे पेडियाट्रिक क्लिनिक्स ऑफ नॉर्थ अमेरिका या बालरोगावरच्या अंकांच्या मालिकेचा. जाड पुठ्ठा, दर अंकाला वेगळा विषय, वेगळा गेस्ट एडिटर, आणि आयएसएसएनच्या (नियतकालिकाच्या नंबरच्या) जोडीला आयएसबीएनपण (पुस्तकाचा नंबर) छापलेला. मग काय, कोहात (लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये) आयएसबीएन टाकला की पुस्तकाचं रेकॉर्ड आयतं मिळतं, अ‍ॅक्सेशन रजिस्टरला (आलेल्या पुस्तकांच्या नोंदवहीत) नोंद होते आणि श्वसनाचा अंक डब्ल्यूएस २८० ला, न्यूरॉलॉजीचा डब्ल्यूएस ३४० ला जाऊन बसतो. वर्षाला सहा अंक, सहाही वेगवेगळ्या कपाटांत! आणि थिसिसवाल्या पीजीच्या (पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या) हातात काय असतं? लेखकाचं नाव, लेखाचं नाव, २०१८, व्हॉल्यूम ६५, पान नंबर. अंकाचा विषय सायटेशनमध्ये नसतोच, मग तिने शोधायचं कुठे?

म्हणून पुठ्ठा बघू नका, अंक उघडा. प्रत्येक लेख वेगळ्या लेखकांचा, वर व्हॉल्यूम आणि इश्यू नंबर, आणि पान नंबर मागच्या अंकावरून पुढे चालू, म्हणजे वर्षातला दुसरा अंक पान १ पासून सुरूच होत नाही. हे दिसलं की ते जर्नल, डब्ल्यू १, विषय संपला.

याच्या उलट डब्ल्यूएचओची टेक्निकल रिपोर्ट सिरीज. तिलाही नंबर असतो, पण आत सहसा एका तज्ज्ञ समितीचा एकच सबंध रिपोर्ट, आणि वाचक बहुतेक वेळा विषय सांगूनच मागतात. ती मी विषयाखालीच लावते, सिरीजचं नाव आणि नंबर रेकॉर्डमध्ये टाकते, म्हणजे नंबरावरून शोधणाऱ्यालाही सापडते. नुसता नंबर दिसला म्हणून डब्ल्यू १ मध्ये कोंबणं मला अजिबात पटत नाही.

क्लिनिक्सचे अंक आधीच विखुरलेले असतील तर सुट्टीच्या दिवसांत सगळे उपसून एकत्र आणा, पाठीवर व्हॉल्यूम आणि इश्यू नंबर ठळक लिहा, आणि अंकाचा विषय ओपॅकमध्ये (वाचकांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये) भरा.