वेगळा पासवर्ड, उघडी वही

इंदूरला रामबागेत ताईकडे गेलो होतो. भाचा-भाची एकच कॉम्प्युटर वापरतात, विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालणारा. खाती वेगळी, पासवर्ड वेगळे. तरी भाचीने दादाच्या कविता घडाघडा म्हणून दाखवल्या. तो हबकला. "मामा, हिने हॅक केलं! लिनक्स तर सेफ असतं ना?"

हॅक कसलं, तिने त्याचं फोल्डर उघडलं, एवढंच. पासवर्ड खात्याची राखण करतो. फाइल कोणी वाचायची ते परवानग्या ठरवतात. मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी तीन आकडे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, प्रोग्रॅम म्हणून चालवण्याचा १; ज्याला जे दिलं त्याची बेरीज. कवितांची फाइल होती ६४४ : मालकाने वाचावं-लिहावं (४+२), बाकी कुणीही नुसतं वाचावं.

हे ६४४ आलं कुठून? नवी फाइल करताना प्रोग्रॅम सहसा ६६६ मागतो. त्याला आडवा येतो 'यूमास्क', म्हणजे कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते सांगणारा आकडा, बऱ्याच ठिकाणी ०२२. पुष्कळजण ६६६ वजा ०२२ असं शिकवतात. उत्तर बरोबर, रीत चूक! यूमास्क ०२७ ठेवा. शेवटच्या ६ मधून ७ कसे वजा करणार? येतं ते ६४०.

आईकडे रांगोळीचा ठिपक्यांचा कागद असे, उदबत्तीने भोकं पाडलेला. कोणती भोकं बुजवायची, ते यूमास्क सांगतो. ६ म्हणजे बायनरीत, नुसत्या ० आणि १ मध्ये लिहिलं तर, ११० : वाचणं, लिहिणं मागितलं, चालवणं नाही. ७ म्हणजे १११, तिन्ही भोकं बंद. तिसऱ्या भोकावर रांगोळी सोडलीच नव्हती, तर ते बुजवून कमी काय होणार? म्हणून शून्य. प्रत्येक बिट (० किंवा १ चं एकेक घर) स्वतंत्र, हातचा घेणं नाही; याला 'अँड-नॉट' म्हणतात.

ताईकडचं लिनक्स उबुंटू नावाचं. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्याचं होम फोल्डर, म्हणजे त्या माणसाच्या सगळ्या फाइली ठेवायचं मुख्य फोल्डर, ७५० केलं. त्याआधी ते ७५५ असे, आणि भाच्याचं खातं त्या काळातलं, अपग्रेड करत आणलेलं. सीपीयूवर दसऱ्याचं हळदकुंकू होतं. त्याने परवानग्या बदलत नाहीत. 'लिनक्सला व्हायरस लागत नाही' हा जपही त्यातलाच.

यूमास्क बदलून जुन्या फाइली झाकल्या जात नाहीत, तो फक्त नव्यांना लागतो. म्हणून भाच्याच्या होम फोल्डरलाच 'सीएचमॉड ७००' (परवानग्या बदलायची आज्ञा) लावलं. फोल्डरच्या बाबतीत १ म्हणजे आत शिरायची मुभा. तीच काढली की आतल्या ६४४ पर्यंत भाची पोचणार कशी?

भाचा खूश. मग आठवलं, ॲडमिन खातं ताईचं आहे. 'सुडो' ही आज्ञा लावून 'रूट', म्हणजे कॉम्प्युटरचा सर्वाधिकारी, झालं, की ७०० काय नि ००० काय, तिला सारखंच.