फ्लिप-अप हेल्मेट उघडं ठेवून गाडी चालवावी का? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

फ्लिप-अप हेल्मेट घेणारे जवळजवळ सगळेच ग्राहक आम्हाला एक गोष्ट विचारतात: पुढचा भाग वर करून गाडी चालवली तर चालेल का? आमचं उत्तर असं. गाडी उभी असताना तो भाग खुशाल उघडा. गाडी चालू लागली की तो बंद हवा आणि दोन्ही बाजूंनी लॉक झालेला हवा. कायद्याच्या दृष्टीने काही हेल्मेटना उघड्या स्थितीत चालवण्याची मुभा असते, पुष्कळ हेल्मेटना नसते. तुमचं हेल्मेट यातलं कोणतं, हे तुमचं तुम्हालाच तपासता येतं. त्यासाठी हे पत्रक.

हनुवटीसमोरच्या, वर उचलता येणाऱ्या भागाला इथे आम्ही चिन बार म्हटलं आहे.

आधी पट्ट्यावरचं लेबल वाचा

हनुवटीखाली बांधायच्या पट्ट्यावर एक छोटं कापडी लेबल शिवलेलं असतं. नव्या हेल्मेटमध्ये ते कधी बकलमागे दुमडलेलं असतं, कधी अस्तरात दडलेलं असतं. ते सरळ करून उजेडात धरा. हेल्मेट ईसीई मानकाचं (संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाने ठरवलेलं हेल्मेटचं मानक) असेल तर लेबलवर वर्तुळात ई हे अक्षर आणि शेजारी एक आकडा दिसेल. 1 म्हणजे जर्मनी, 2 फ्रान्स, 3 इटली, 4 नेदरलँड्स. हा मान्यता देणारा देश असतो. हेल्मेट तिथेच बनलं असेल असं नाही.

वर्तुळाजवळ एक लांब क्रमांक असतो. त्याची सुरुवात 05 ने असेल तर हेल्मेट ईसीई 22.05 या जुन्या मानकाचं, 06 ने असेल तर 2021 मध्ये लागू झालेल्या ईसीई 22.06 चं. त्याच क्रमांकात तिरप्या रेघेनंतर येणारी अक्षरं आपल्या प्रश्नाचं उत्तर देतात.

नुसतं पी असेल तर हेल्मेटला चिन बार बंद असतानाच्या स्थितीत मान्यता मिळालेली आहे. चिन बारची आघात चाचणी झाली आहे, पण हेल्मेट उघडं ठेवून वापरण्यासाठी ते मंजूर नाही.

पी/जे असेल तर दोन्ही स्थितींना मान्यता आहे. बंद असताना ते फुल फेस (हनुवटीसह पूर्ण चेहरा झाकणारं) हेल्मेट धरलं जातं आणि उघडं असताना ओपन फेस (चेहरा उघडा ठेवणारं). अशा बहुतेक हेल्मेटवर चिन बार वरच्या जागी अडकवून ठेवण्याचा वेगळा खटकाही असतो.

एनपी दिसलं तर सावध व्हा. समोरचा भाग आहे, पण तो हनुवटीला मारापासून वाचवत नाही, असा त्याचा अर्थ. हेल्मेट दिसायला फुल फेससारखं असतं, त्यामुळे फसगत सहज होते. हे हेल्मेट बंद करूनही जबडा उघडाच राहतो असं समजा.

लेबल फाटलं असेल किंवा अक्षरं पुसट झाली असतील तर अंदाज बांधू नका. सोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत मान्यतेचा प्रकार छापलेला असतो. तीही हाताशी नसेल तर हेल्मेट फक्त बंद ठेवूनच वापरायचं आहे, असं धरून चाला.

कायद्यात हे कुठे येतं?

पुष्कळ जण कायद्यात ‘चिन बार उघडा ठेवू नये’ असं वाक्य शोधतात आणि ते सापडलं नाही की परवानगी आहे असं समजतात. कायदे सहसा इतक्या तपशिलात जात नाहीत. ते दोन गोष्टी मागतात: हेल्मेट ठरलेल्या मानकाचं असावं आणि ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असावं. भारतातल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 चा रोखही हाच आहे. बाकीचं सगळं मानकात येतं. पी शिक्का असलेल्या हेल्मेटला मान्यता बंद स्थितीत मिळाली. ते उघडलं की डोक्यावर जे उरतं, त्याची त्या रूपात मंजुरी कुणी दिलेलीच नाही. म्हणून युरोपात, जिथे ईसीई मानक चालतं तिथे, पी आणि पी/जे यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. रस्त्यावरचा पोलीस तुम्हाला थांबवेल की नाही, हे देशागणिक आणि माणसागणिक बदलेल. अपघातानंतर हेल्मेट कसं वापरलं होतं याची चौकशी झाली, तर मात्र लेबलवरची अक्षरं बघितली जाऊ शकतात.

अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या मानकाचा जो डॉट शिक्का असतो, त्याबद्दल एक खुलासा. त्या मानकात चिन बारवर आघात करून बघण्याची चाचणीच नाही. तिथे कवटी झाकणाऱ्या वरच्या भागाची परीक्षा होते. तेव्हा हेल्मेटवर फक्त डॉट असेल, तर चिन बार उघडा किंवा बंद असताना तो कितपत टिकेल, हे त्या शिक्क्यावरून काहीच कळत नाही.

‘हळू चालवतो, मग काय होतंय?’

हे वाक्य आम्ही सगळ्यात जास्त ऐकतो, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

ईसीई 22.05 मध्ये चिन बारची आघात चाचणी सेकंदाला 5.5 मीटर वेगाने होते. ताशी हिशेब केला तर हे सुमारे 20 किलोमीटर होतात, आणि ऐकायला ते फारच कमी वाटतात. पण सुमारे दीड मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग जवळपास एवढाच असतो. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण तेवढ्याच उंचीवर असतं. म्हणजे सिग्नलजवळ, वाळूवर पुढचं चाक घसरून गाडी आडवी झाली तरी चेहरा जमिनीवर आदळण्याचा वेग तोच असू शकतो. गाडीचा स्वतःचा वेग त्यात अजून धरलेलाच नाही.

जर्मनीत अपघातातल्या हेल्मेटवरच्या आघातांच्या जागांची नोंद झाली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटी आणि जबड्याच्या भागात आढळले होते. पडताना माणसाचं तोंड पुढे असतं, त्यामुळे यात नवल नाही. जबड्यावरचा मार जबड्यापाशीच थांबतो असंही नाही. खालचा जबडा कानाजवळ कवटीला जोडलेला असतो, आणि हनुवटीवरचा जोरदार आघात त्या सांध्यातून कवटीच्या तळापर्यंत पोचू शकतो. तिथलं हाड मोडणं जिवावर बेततं. म्हणून चिन बारला आम्ही सोयीची वस्तू मानत नाही. आमच्या लेखी तो हेल्मेटचा संरक्षण देणारा भागच आहे.

चिन बार वर असताना आणखी काय घडतं

फ्लिप-अप हेल्मेटचं वजन साधारण दीड ते पावणेदोन किलो असतं. चिन बार वर केला की त्यातला बराच भाग कपाळाच्या वर जातो आणि मानेवरचा तोल बदलतो. वेग वाढला की समोरचा वारा त्या वर आलेल्या भागावर आदळतो. उघडी छत्री वाऱ्यात धरल्यासारखं डोकं मागे खेचलं जातं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी 40 वरून 80 वर गेलात की तो दुप्पट होत नाही, चौपट होतो. काही वेळाने मान भरून येते आणि मागे वळून बघणं टाळलं जातं. ते टाळणंही धोक्याचंच.

पडताना वर उभा असलेला चिन बार रस्त्याला किंवा दुसऱ्या वाहनाला अडकू शकतो, आणि त्यामुळे डोकं गर्रकन फिरू शकतं. असं अचानक फिरणं मेंदूला फार घातक असतं. ईसीई 22.06 मध्ये तिरप्या आघाताच्या, डोक्याच्या फिरण्याशी संबंधित चाचण्या याच कारणासाठी आल्या.

वर अडकवण्याचा खटका नसलेल्या हेल्मेटमध्ये तर खड्ड्याच्या एका दणक्याने चिन बार खाली घसरून अर्ध्यावर थांबू शकतो. त्याची कड मग नेमकी डोळ्यांसमोर येते. हे गाडी वळवताना झालं तर सावरायला वेळ मिळत नाही.

डोळ्यांचंही तेच. बहुतेक मॉडेलमध्ये चिन बारसोबत काचही वर जाते. आतला काळा सन व्हायझर खाली ओढला तरी धूळ आणि किडे खालून शिरतातच, आणि अंधारात त्याचा उपयोग नाही, उलट अडचणच.

चिन बार पूर्ण मागे, डोक्याच्या पाठीमागे नेऊन बसवता येईल अशी हेल्मेटही मिळतात. त्यात वाऱ्याचा आणि वजनाचा त्रास बराच कमी होतो. तरी जबडा उघडाच राहतो, आणि पी/जे शिक्का तिथेही बघावा लागतोच.

मग लोक चिन बार का उघडतात?

उकडतं, काचेवर वाफ धरते, चष्मा घालायचा असतो, कुणाशी बोलायचं असतं. ही कारणं खरी आहेत. फ्लिप-अप हेल्मेट मुळात अशाच गरजांतून पुढे आलं. बीएमडब्ल्यूने 1981 मध्ये ‘सिस्टिम हेल्मेट’ या नावाने आपलं पहिलं फ्लिप-अप आणलं, तेव्हापासून हा प्रकार रुळला. पण यातल्या बहुतेक अडचणी चिन बार बंद ठेवूनही सुटतात.

वाफेसाठी काचेच्या आत बसणारी पिनलॉकसारखी पट्टी लावून घ्या. काच एक खाच वर ठेवा आणि हनुवटीजवळचा हवेचा झरोका उघडा. नाकावरचं श्वासाचं आवरण निघालं असेल तर नवं बसवा, कारण श्वास काचेकडे जाण्यापासून तेच अडवतं. उन्हात हळू जाताना काच पूर्ण वर केली तरी चिन बार जागेवर असेल तर जबडा झाकलेला राहतो. डोळ्यांना मात्र चष्मा किंवा गॉगल हवा.

चष्मा असेल तर हेल्मेट उघड्या स्थितीत डोक्यात घाला, मग चष्मा चढवा, पट्टा बांधा, आणि शेवटी चिन बार खाली घ्या. फ्लिप-अपची खरी सोय ही आहे. बोलायचं असेल, पाणी प्यायचं असेल, इंधन भरायचं असेल, तर गाडी कडेला घेऊन न्यूट्रलमध्ये टाका आणि मगच उघडा.

लॉक तपासायची पद्धत

चिन बार बंद असला तरी लॉक धड लागलं नसेल तर फार उपयोग नाही. ब्रिटनच्या वाहतूक खात्याची शार्प ही योजना हेल्मेट किती सुरक्षित आहे त्यानुसार त्यांना तारे देते. त्यात फ्लिप-अप हेल्मेटसाठी, आघातात चिन बार किती वेळा लॉकमध्येच राहिला, याची टक्केवारीही दिलेली असते. खरेदीआधी ती जरूर बघा. तारे चांगले असूनही ही टक्केवारी कमी असलेलं हेल्मेट आम्ही कुणाला सुचवत नाही.

घरी असं तपासा. चिन बार खाली ओढताना डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज ऐका. दोन्हीकडे ‘टक्’ झालं पाहिजे. मग मधलं बटण न दाबता आधी डावी बाजू, मग उजवी बाजू वर खेचून बघा. एका बाजूला जरा जरी फट दिसली तरी ते हेल्मेट रस्त्यावर नेऊ नका. लॉकच्या खाचेत धूळ साचल्यानेही असं होतं. मऊ ब्रश आणि कोमट साबणाचं पाणी वापरून खाच साफ करा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, त्याने शेल (बाहेरचं कडक कवच) आणि आतलं थर्माकोल दोन्ही खराब होतं.

आता चिन बारच्या आतून अंगठ्याने दाबून बघा. कापडी अस्तराखाली कडक थर्माकोलचा थर लागला पाहिजे. अंगठा थेट प्लास्टिकपर्यंत रुतत असेल, तर तिथे फक्त स्पंज आहे आणि आघात शोषायला काहीच नाही.

तपासणीसाठी हेल्मेट आणाल तेव्हा ते एकदा तरी खाली पडलं होतं का, हे आम्हाला नक्की सांगा. चिन बारवर पडलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसतं, पण लॉकची पिन किंचित वाकलेली असू शकते. ती आम्ही सरळ करून देत नाही. त्या मॉडेलसाठी कंपनीचा सुटा भाग मिळत असेल तर तो बसवतो, नसेल तर हेल्मेट वापरातून काढायला सांगतो. पट्ट्यावरचं लेबल वाचता येत नसेल, तर माहितीपुस्तिकाही सोबत आणा.